वकिलांचं सॉफ्टवेअर: लॉ फर्मला काय लागतं, कंपनीच्या लीगल टीमला काय लागतं?

कागदोपत्री (धागाकर्ता)

माझं मूळ शिक्षण वकिलीचं. काही वर्षं मुंबईत अमेरिकन खटल्यांची कागदपत्रं तपासण्याचं काम केलं, आता पुण्यात करार सांभाळणारं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या एका कंपनीत आहे. 'एआय वकिलांच्या नोकऱ्या खाणार का' यावर इथे मध्यंतरी बरीच चर्चा झाली. ती वाचताना जाणवलं की बहुतेकांनी लीगल टेक ही एकच वस्तू आणि तिचं गिऱ्हाईकही एकच, असं धरलं होतं. प्रत्यक्षात गिऱ्हाईकं दोन आहेत आणि पैशाच्या बाबतीत ती समोरासमोर बसलेली असतात.

मोठी लॉ फर्म वेळ विकते. निदान अमेरिका-इंग्लंडमध्ये तरी बिल तासांवर निघतं. कंपनीचा लीगल विभाग तोच वेळ विकत घेतो, आणि कंपनीच्या हिशोबात तो खर्चाच्या बाजूला असतो. दहा तासांचं काम दोन तासांत करून देणारं सॉफ्टवेअर लीगल विभागाला हवंच असतं. तेच फर्मला दाखवलं तर भागीदार पहिला प्रश्न विचारतो, उरलेल्या आठ तासांच्या बिलाचं काय? हा प्रश्न लोभी म्हणून हसण्यावारी नेऊ नये. त्या आठ तासांवर त्याच्या ज्युनिअरांचे पगार चालतात.

बिलाचंच उदाहरण घ्या. अमेरिकेत १९९८ पासून 'लेडेस' नावाचा बिलाचा ठरलेला साचा आहे. साधी टेक्स्ट फाइल, प्रत्येक ओळीत २४ रकाने, मध्ये उभ्या रेघा. प्रत्येक कामाला सांकेतिक क्रमांक: साक्षीदाराच्या जबानीला एल-३३०, डावपेच ठरवण्याला एल-१२०. फर्मने ही फाइल कंपनीच्या बिलिंग सॉफ्टवेअरवर चढवली की माणसाने बघायच्या आतच यंत्र ती कंपनीच्या नियमांवर तपासतं. एकाच बैठकीला तीन वकील कशाला, प्रवासाचे तास पूर्ण दराने का, ठरलेल्या दरापेक्षा जास्त का. नियमात न बसलेली ओळ परत जाते. त्यामुळे फर्मकडे बिल नाकारलं जाऊ नये म्हणून एक सॉफ्टवेअर आणि कंपनीकडे ते नाकारण्यासाठी दुसरं, अशी स्थिती आहे. कधीकधी दोन्ही विकणारा एकच असतो.

फर्मला याशिवाय लागतं ते कागद सांभाळणारं सॉफ्टवेअर. शिकागोचं आयमॅनेज, युटाचं नेटडॉक्युमेंट्स. मसुद्याची सतरावी आवृत्ती कुठली, कोणी उघडली, एका पक्षकाराची फाइल त्याच फर्ममधल्या विरुद्ध हिताच्या टीमला दिसणार नाही ना, हे तिथे बघितलं जातं. नवीन पक्षकार घेण्याआधी 'यांच्याविरुद्ध आपण आधी कुणासाठी उभे होतो का' हा शोधही. लीगल विभागाचं दुखणं वेगळं. सह्या झालेले हजारो करार ईमेलमध्ये, कपाटात, विक्री विभागाच्या लॅपटॉपवर पसरलेले. कुठला आपोआप नूतनीकरण होतो, कुठल्यात दंडाची अट आहे, कोणालाच ठाऊक नसतं. समीर बोडस आणि मोनिष दर्डा यांनी २००९ मध्ये सुरू केलेली आयसर्टिस याच दुखण्यावर उभी राहिली. मुख्यालय अमेरिकेत असलं तरी तिचा मोठा कारभार आपल्या पुण्यातून चालतो.

माझं ठाम मत असं की या कंपन्यांची खरी सेवा तारखा, अटी आणि आवृत्त्या हरवू न देण्यात आहे. एआयचं त्यानंतर बघू. तुमच्या ऑफिसात काय वापरता, कुठे अडतं, ते लिहा. जिल्हा न्यायालयातल्या मंडळींनी तर जरूर लिहा, कारण आमच्या कंपन्यांच्या बैठकांत त्यांचा विषय निघत नाही.

---

सिव्हिललाइन्स_नागपूर

लिहितो. आमच्या गावाने देशाला ऑल इंडिया रिपोर्टर दिला. चितळ्यांनी १९२२ साली सुरू केला. एकाच मालिकेत सगळ्या हायकोर्टांचे निकाल मिळणं ही त्या काळातली वकिलांसाठीची सर्वांत मोठी सोय होती. त्यामुळे वकिलांना सेवा पुरवण्याचा धंदा कॉम्प्युटरबरोबर जन्मला असं मी मानत नाही.

आज माझ्या टेबलावर काय आहे? निकाल शोधायला एससीसी ऑनलाइन किंवा मनुपात्रा, ज्याला जे परवडेल ते. ज्युनिअर मुलं इंडियन कानून वापरतात. २००८ पासून ते फुकट उपलब्ध आहे आणि माझ्या मते या देशातल्या लहान वकिलाला इतकी मदत दुसऱ्या कुठल्याच तंत्रज्ञानाने केलेली नाही. तारखांसाठी ई-कोर्ट्सचं ॲप. आणि लाल डायरी, ती आहेच. मुन्शी रोज संध्याकाळी बोर्ड बघून डायरी भरतो आणि ती ॲपशी ताडून पाहतो.

दोन कंपन्यांनी येऊन डेमो दिले. दोघांचीही रचना अशी की एक वकील, एक मॅटर, एक कोर्ट. माझ्याकडे एकाच भावकीचे चार दावे, त्यांतून निघालेली दोन अपिलं, एक दरखास्त (हुकूमनाम्याच्या अंमलबजावणीचा अर्ज), आणि तहसीलदारासमोर फेरफाराची तक्रार. ही सगळी एका कुटुंबाची एकच भानगड आहे. सॉफ्टवेअरमध्ये ती आठ वेगळी प्रकरणं दिसतात आणि एकातला कागद दुसऱ्यात निशाणी (पुराव्याचा कागद) म्हणून लावायचा तर परत स्कॅन करा. हे ज्याने बनवलं तो दिवाणी कोर्टात एक दिवससुद्धा बसलेला नसावा.

मुदतीच्या कायद्याचं गणितही यांना करता येत नाही. निकालाची तारीख टाकली की ते अपिलाची शेवटची तारीख सांगतात. नकलेसाठी अर्ज कधी केला, नक्कल कधी तयार झाली, ते दिवस वजा करायचे असतात. एवढं एक जरी नीट केलं तरी पैसे देऊन घेईन.

---

कागदोपत्री

वकीलसाहेब, नकलेच्या दिवसांचा मुद्दा मी आमच्या टीमसमोर जसाच्या तसा मांडणार आहे. आमचं उत्पादन करारांचं असलं तरी ओळखीचे लोक खटले सांभाळणारी सॉफ्टवेअर बनवतात, त्यांनाही पाठवतो.

तारखा या कंपन्यांकडे कुठून येतात, हे इथल्या वाचकांसाठी सांगतो. ई-कोर्ट्स प्रकल्प २००७ पासून टप्प्याटप्प्याने चालू आहे. तिसऱ्या टप्प्याला केंद्राने २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर केले. जिल्हा न्यायालयांत चालणारी केस इन्फर्मेशन सिस्टिम सरकारच्या एनआयसी या संगणक संस्थेच्या पुणे केंद्राने मुक्त सॉफ्टवेअरवर बांधली. प्रत्येक प्रकरणाला १६ अंकी-अक्षरी सीएनआर क्रमांक मिळतो, महाराष्ट्राचा असला तर सुरुवात एमएच. हा क्रमांक आला आणि खासगी कंपन्यांना पाया मिळाला. बँकेच्या लीगल विभागाकडे देशभरात हजारो वसुली दावे असतात. त्यांना रोज सकाळी 'आज कुठे काय झालं' एका पडद्यावर हवं असतं. सरकारी खाती आणि मोठ्या संस्थात्मक पक्षकारांसाठी ई-कोर्ट्सने थेट जोडणीची सोय केली आहे. ज्यांना ती नाही ते संकेतस्थळावरून माहिती ओढतात, आणि तिथे कॅप्चा आडवा येतो. म्हणून विक्रेत्याला 'तुमची माहिती किती वेळाने ताजी होते आणि सर्व्हर बंद असेल तर मला तसं कळतं का' हे विचारायचंच. माहिती आली नाही आणि तारीख नाही, या दोन गोष्टी पडद्यावर सारख्याच दिसत असतील तर ते सॉफ्टवेअर घातक आहे.

---

मिशिगनतळ्याकाठी

शिकागोत ई-डिस्कव्हरीत, म्हणजे खटल्यासाठी ईमेल आणि फाइली शोधून तपासण्याच्या कामात आहे. धागाकर्ते मुंबईत जे करत होते त्याचं दुसरं टोक म्हणा.

भारतातल्या वाचकांना या कामाचा आकार पटकन कळत नाही, म्हणून थोडं विस्ताराने. अमेरिकेत दिवाणी दाव्यात दोन्ही बाजूंना एकमेकांचे संबंधित कागद मागता येतात आणि द्यावे लागतात. कागद होते तोवर खोकी यायची. पुढे ईमेल आले. २००३-०४ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायाधीश शायरा शायंडलिन यांनी झुबुलाके विरुद्ध यूबीएस वॉरबर्ग या प्रकरणात जे आदेश दिले त्यांनी कंपन्यांना हादरवलं. नोकरीच्या भेदभावाचा दावा, आणि मुद्दा असा की बँकेच्या लोकांनी ईमेल जपून ठेवले नाहीत. शेवटी ज्युरीने वादीच्या बाजूने कौल दिला. डिसेंबर २००६ मध्ये संघराज्याच्या दिवाणी नियमांतच इलेक्ट्रॉनिक माहिती आली. तेव्हापासून कंपनीचा लीगल विभाग दावा येणार असं दिसताच संबंधितांना 'काहीही पुसू नका' अशी नोटीस पाठवतो, आणि ती कोणी वाचली, कोणी पोच दिली, हे सांभाळणारं स्वतंत्र सॉफ्टवेअर असतं.

लाखो ईमेल कोण वाचणार? तिथे मुंबई आली. पँजिया३ ही कंपनी २००४ मध्ये निघाली, अमेरिकन खटल्यांचे कागद मुंबईत वाचले जाऊ लागले. २०१० मध्ये थॉमसन रॉयटर्सने ती घेतली आणि २०१९ मध्ये ईवायने. अमेरिकन बार असोसिएशनने २००८ मध्ये मत दिलं की काम बाहेर देता येईल, पण देखरेख आणि जबाबदारी अमेरिकन वकिलाचीच. मग २०१२ मध्ये न्यायाधीश अँड्र्यू पेक यांनी दा सिल्वा मूर प्रकरणात यंत्राकडून चाळणी करून घ्यायला मान्यता दिली. अनुभवी वकील नमुन्याचे कागद वाचून संबंधित-असंबंधित शिक्के मारतो, यंत्र त्यावरून बाकीच्यांची क्रमवारी लावतं.

मला त्या मान्यतेतली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. यंत्र सर्व कागद शोधेल असा दावा तिथे कोणी केला नव्हता. किती निसटले असतील ते यादृच्छिक नमुना काढून मोजायचं आणि दोन्ही पक्षांना ते आकडे उघड ठेवायचे, अशी पद्धत होती. आजच्या एआय विक्रेत्यांकडे मी तेच मागते. 'आमचं उत्तर अचूक असतं' हे वाक्य मला चालत नाही.

---

एलएलबी_तिसरं_वर्ष

@मिशिगनतळ्याकाठी ताई, मग कागद वाचण्याचं काम करणाऱ्या मुंबईतल्या लोकांचं पुढे काय झालं?

---

कागदोपत्री

ताईंच्या आधी मीच सांगतो, तो माझाच अनुभव आहे. पहिल्या फेरीची सपाट चाळणी कमी होत गेली. ज्यांनी शोध कसा लावायचा, नमुना कसा तपासायचा, विशेषाधिकाराची यादी (वकील-पक्षकार गोपनीयतेमुळे समोरच्याला न द्यायचे कागद) कशी करायची हे शिकून घेतलं, ते टिकले. बरेच जण कंपन्यांच्या लीगल विभागांत करारांच्या कामावर गेले. काही कोर्टात परतले.

---

खाडीपलीकडे_ठाणे

एका कंपनीच्या लीगल विभागात आहे. एआय मसुदा-साधन घ्यायचं की नाही यावर आमच्याकडे सध्या खल चालू आहे. यंत्राने रचलेल्या खोट्या निवाड्यांची भीती सर्वांना आहे. न्यूयॉर्कच्या माटा विरुद्ध ॲव्हिआंका प्रकरणात २०२३ मध्ये वकिलांना ५,००० डॉलर दंड झाला ते सगळ्यांनी वाचलं. पण ते परदेशातलं, चॅटजीपीटीचं. आपल्याकडे बंगळुरूच्या आयकर न्यायाधिकरणाला अस्तित्वात नसलेले निवाडे उद्धृत झाल्यामुळे स्वतःचाच आदेश मागे घ्यावा लागला, डिसेंबर २०२४ मधली गोष्ट. आणि ऑक्टोबर २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने एक आयकर निर्धारण आदेश रद्द केला, कारण अधिकाऱ्याने आधार घेतलेले निवाडे सापडतच नव्हते. यंत्राने दिलेलं तपासून मगच वापरा, असं कोर्टाने स्पष्ट बजावलं.

केवळ निवाड्यांच्या कोशावर चालणारी साधनं सुरक्षित, असं विक्रेते सांगतात. स्टॅनफर्डच्या संशोधकांनी २०२४ मध्ये अमेरिकेतली नामांकित साधनं तपासली तर त्यांतही चुकीच्या उत्तरांचं प्रमाण १७ ते ३३ टक्के निघालं. निवाडा खरा असतो, पण त्यात जे म्हटलेलंच नाही ते यंत्र त्याच्या तोंडी घालतं. खोट्या निवाड्यापेक्षा हे पकडायला कठीण, कारण क्रमांक टाकला की निवाडा उघडतो आणि माणूस निश्चिंत होतो.

मला त्याहून मोठी चिंता गोपनीयतेची वाटते. सर्वोच्च न्यायालयाने ३१ ऑक्टोबर २०२५ ला, तपास यंत्रणांनी वकिलांना समन्स काढण्याच्या प्रकरणात, असंही सांगितलं की कंपनीच्या पगारावरच्या विधी सल्लागाराला भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम १३२ चं वकिलाचं संरक्षण (पक्षकाराशी झालेलं बोलणं उघड न करण्याचं) नाही, आणि मालक व त्याचा पगारी सल्लागार यांच्यातल्या संभाषणाला कलम १३४ चाही आधार घेता येणार नाही. आम्ही विक्रेत्याच्या साधनात लिहून ठेवलेली जोखमीची टिपणं, 'ही अट आपण मोडली आहे असं दिसतं' वगैरे शेरे, उद्या कोणी मागितले तर? पूर्वी हे तोंडी बोललं जायचं. आता प्रत्येक करारावर साधन स्वतःहून जोखमीचा लाल शिक्का मारून ठेवतं आणि तो कायम नोंदीत राहतो. यावर कुठलाच विक्रेता आमच्याशी आपणहून बोलला नाही.

---

कागदोपत्री

@खाडीपलीकडे_ठाणे, हा मुद्दा मी पूर्ण गांभीर्याने घेतो. आमच्याकडे याचं उत्तर अर्धवटच आहे. शेरे किती काळ ठेवायचे ते गिऱ्हाईकाला ठरवता येतं. पण खटला दिसू लागल्यावर पुसले तर तो पुरावा नष्ट करण्याचा प्रकार होईल. तेव्हा धोरण आधी ठरवून, लिहून, सरसकट पाळावं लागतं. संवेदनशील प्रश्नावर मत हवं असेल तर ते बाहेरच्या वकिलाकडून घ्यावं आणि साधनात ते टाकूच नये, असं मी गिऱ्हाईकांना सांगतो. विक्री विभागाला ते आवडत नाही.

---

कृष्णाकाठ_सर्च_रिपोर्ट

साताऱ्यात जमिनींच्या टायटलचं, म्हणजे मालकीहक्क तपासण्याचं काम करतो. बँका आणि बिल्डर हे माझे पक्षकार. 'एआय ड्यू डिलिजन्स' (व्यवहाराआधीची कागदपत्र तपासणी) म्हणून जे दाखवतात ते इंग्रजी करारांवर उत्तम चालतं, मी बघितलंय. सिरिल अमरचंद मंगलदासने २०१७ मध्येच किरा हे कॅनडाचं साधन घेतलं होतं, मोठ्या फर्मना त्याचा उपयोग होतच असणार.

माझ्या फाइलमध्ये असतो सातबारा, फेरफार, सूची २, जुनं खरेदीखत, वाटणीपत्र, कधी मोडीतला दस्त. फेरफाराची नोंद तलाठ्याच्या हातची, शेजारी मंडल अधिकाऱ्याचा शेरा, त्यावर शिक्का. ओसीआर, म्हणजे स्कॅनमधला मजकूर वाचणारं सॉफ्टवेअर, तिथे कोलमडतं. 'पोकळिस्त' आणि 'अ.पा.क.' अशा महसुली शब्दांचा अर्थ त्याला लागत नाही. अ.पा.क. म्हणजे अज्ञान पालनकर्ता, म्हणजे नाव लहान मुलाचं आणि विक्री पालकाने केलेली, म्हणजे न्यायालयाची परवानगी होती का हा प्रश्न उभा. सगळ्या टायटलचा जीव त्या तीन अक्षरांत असतो आणि यंत्र ती डाग समजून सोडून देतं.

खालच्या कोर्टात आणि महसुलात मराठी, हायकोर्टात इंग्रजी. अपील करताना सगळं पेपरबुक भाषांतरित करावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाचं सुवास हे भाषांतराचं साधन २०१९ पासून आहे, ते निकालांच्या भाषांतरासाठी उपयोगी. आमच्या दस्तांसाठी तसं काही कोणी केलं तर मी नमुने द्यायला, शब्दांची यादी करून द्यायला तयार आहे. पक्षकारांची नावं झाकून.

---

सिव्हिललाइन्स_नागपूर

@कृष्णाकाठ, यादीत विदर्भातले शब्दही धरा. आमच्याकडे मध्य प्रांताच्या वेळचे जुने महसुली कागद आहेत, त्यांतली भाषा आणि नमुने तुमच्यापेक्षा वेगळे. मी देतो.

---

मांडवीतीरी

पणजीहून. आमच्याकडे पोर्तुगीजमधले जुने दस्त, त्याचीही हीच रड.

---

दरखास्तवाला

पुराव्याबद्दल कोणीच लिहिलं नाही म्हणून लिहितो. १ जुलै २०२४ पासून इलेक्ट्रॉनिक पुराव्याबरोबर भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ चं प्रमाणपत्र लागतं, त्यात दोन भाग, दुसरा तज्ज्ञाने भरायचा, आणि फाइलची हॅश किंमत (फाइल बदलली तर बदलणारा तिचा ओळख-क्रमांक) लिहायची. जुन्या पुरावा कायद्यातल्या अशाच प्रमाणपत्राच्या कलमाचं, ६५-बीचं महत्त्व आपल्या जालन्याच्याच प्रकरणाने ठरवलं. २०१४ च्या निवडणुकीत उमेदवारी अर्ज वेळेनंतर घेतला का, हे निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातल्या चित्रीकरणावरून ठरवायचं होतं. मागूनही प्रमाणपत्र मिळत नव्हतं. अर्जुन पंडितराव खोतकर प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२० मध्ये सांगितलं की प्रमाणपत्र सक्तीचं, मात्र पक्षकाराने सगळे प्रयत्न करूनही ते मिळालं नाही तर त्याला सूट.

आता कंपन्यांचे करार ई-साइनवर, पोच व्हॉट्सॲपवर. मुंबई उच्च न्यायालयाने २०१८ मध्ये व्हॉट्सॲपवर पाठवलेली पीडीएफ नोटीस पोहोचली आणि उघडली गेली हे मान्य केलं होतं, तेही दरखास्तीतच. पण वादाच्या वेळी विक्रेत्याकडून सहीची नोंद, वेळ, हॅश आणि प्रमाणपत्रावर सही करणारा माणूस मिळाला पाहिजे. माझ्या एका पक्षकाराच्या विक्रेत्याने 'आमच्या धोरणात बसत नाही' असं कळवून हात वर केले. शेवटी पक्षकाराच्या आयटीवाल्याकडून जमवलं. करार करतानाच ही अट घाला: मागितल्यापासून ठरावीक दिवसांत प्रमाणपत्र, आणि गरज पडल्यास साक्षीला माणूस.

---

खाडीपलीकडे_ठाणे

ही अट आमच्या मसुद्यात आजच घालते. सेवा बंद केल्यावर आमचे करार, शेरे आणि नोंदी कुठल्या स्वरूपात परत मिळतात? एका विक्रेत्याने फक्त पीडीएफ देऊ असं सांगितलं.

---

कागदोपत्री

नुसत्या पीडीएफवर मान्य करू नका. मूळ फाइल, सगळ्या आवृत्त्या, रकान्यांची माहिती एक्सेलमध्ये उघडेल अशी, आणि कोणी कधी काय बदललं त्याची नोंद, ही चारही मागा. शक्य असेल तर खरेदीआधी चाचणीच्या काळातच शंभरेक करार आत टाकून बाहेर काढून बघा. बाहेर काढताना करार आणि त्याच्या पुरवण्या यांची जोडणी तुटते, बहुतेक तिथेच गोची होते.

@कृष्णाकाठ, @सिव्हिललाइन्स, @मांडवीतीरी: शब्दयादीसाठी वेगळा धागा काढला आहे. महसूल, दिवाणी आणि गोव्याचे दस्त असे तीन भाग केलेत. पहिल्या भागात पोकळिस्त आणि अ.पा.क. टाकून ठेवलंय, पुढचं तुम्ही भरा.